रस्त्याला मीटर लावायचा तर

किलोमीटरमागे पैसे घ्यायचं नुसतं नाव काढलं की पुण्यात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, ‘आता हेही आमच्याच डोक्यावर?’ खरं तर हे पैसे आपण कधीपासूनच भरतोय, पेट्रोलच्या बिलातून. २०२५ मधली पुण्यातली रचना बघा. लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे, ते धरून होणाऱ्या किमतीवर राज्याचा २५ टक्के व्हॅट, आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे वेगळे. सगळं मिळून पंचेचाळिशी ओलांडते. दर बदलत राहतात, म्हणून हिशेबापुरते ४५ धरू. शहरात १५ चं अ‍ॅव्हरेज देणारी मोटार किलोमीटरला ३ रुपये कर भरते, ४५ चं देणारी स्कूटर १ रुपया.

या कराची खुबी अशी की तो न मोजता मोजला जातो. गाडी कमी फिरवली, कर कमी. विद्यापीठ चौकात पाऊण तास अडकलात, पेट्रोल जास्त जळलं, कर जास्त. गाडी जड, कर जास्त. अंतर, गर्दी आणि वजन या तिन्ही गोष्टी ओबडधोबड का होईना, त्यात येतात. वसुली तेल कंपन्यांकडून होते. पंपावर कुणाला मीटर वाचावा लागत नाही, बिल पाठवावं लागत नाही, थकबाकीच्या नोटिसा काढाव्या लागत नाहीत. याला पर्याय सुचवणाऱ्याने आधी वसुलीच्या खर्चाचं उत्तर तयार ठेवावं.

तरीही पर्याय शोधावा लागतोय, कारण गाड्या पेट्रोल सोडून चालल्या आहेत. सीएनजीवर राज्याचा व्हॅट एप्रिल २०२२ पासून ३ टक्क्यांवर आलाय. इलेक्ट्रिक मोटार घरी चार्ज केली तर युनिटला नऊ-दहा रुपये पडतात, त्यात १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे दीडेक रुपया. युनिटमागे ७ किमी धरले तर कर पडतो किलोमीटरला वीस पैशांच्या आसपास. तीन रुपयांच्या जागी वीस पैसे. शिवाय नोंदणीच्या वेळचा एकरकमी मोटार वाहन करही माफ. पेट्रोल मोटारीला हा कर किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के लागतो, पण एकदा भरला की संपला. वर्षाला ३ हजार किमी चालणारी गाडी आणि ३० हजार किमी चालणारी गाडी, दोघींना सारखाच.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करायला हवी. इंधनावरचा हा सगळा पैसा रस्त्यांचा नाही. त्यातला एक सेस केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीत जातो, बाकीचा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत. तुमच्या गल्लीतल्या रस्त्याचं डांबर महापालिकेच्या पथ विभागाचं, आणि महापालिका चालते मिळकतकर, बांधकाम परवानग्यांचं शुल्क आणि जकात-एलबीटी गेल्यावर मिळणारं जीएसटीचं अनुदान यांवर. तुम्ही कर्वे रोडवर जाळलेल्या पेट्रोलमधून कर्वे रोडला थेट काही मिळत नाही. म्हणून ‘इंधन कर काढा आणि त्याजागी किमी कर लावा’ हे बोलायला सोपं. तेवढीच रक्कम उभी करायची तर मोटारीला किलोमीटरला ३ रुपये लावावे लागतील. फक्त रस्त्याचा खर्च काढायचा तर खूप कमी लागेल, पण मग तिजोरीत खड्डा पडेल. हा वाद तंत्राचा नाहीच.

टोल म्हणजे ढोबळ किमी करच

राष्ट्रीय महामार्गांचा टोल २००८ च्या नियमांनी ठरतो. पाया २००७-०८ चा. मोटारीला किलोमीटरला ६५ पैसे, हलक्या मालवाहू गाडीला १ रुपया ५ पैसे, बस आणि दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला २ रुपये २० पैसे, चार ते सहा अ‍ॅक्सलच्या गाडीला ३ रुपये ४५ पैसे. दरवर्षी ३ टक्के वाढ पक्की, आणि घाऊक किंमत निर्देशांक जेवढा वाढेल त्याच्या ४० टक्के वाढ वरून. ही ३ टक्के वाढ चक्रवाढ नाही, तरी नुसत्या तिनेच १८ वर्षांत ६५ पैशांचा १ रुपया होतो. पूल, बोगदे आणि बाह्यवळणांचा हिशेब निराळा असतो, त्यामुळे नाक्यावरच्या फलकावरचा आकडा लांबी गुणिले दर करून जुळत नाही. जुळत नाही म्हणजे लूट, असा अर्थ लगेच काढू नये.

खरी गोम आहे नाक्यात. पुणे-सातारा रस्त्यावर दोन नाके आहेत, खेड शिवापूर आणि आनेवाडी. ही खुली पद्धत. नाका ओलांडला की त्या नाक्याच्या वाट्याला आलेल्या पूर्ण पट्ट्याचे पैसे, मग तुम्ही त्यातले सगळे किमी चाला की निम्मे. कात्रजहून शिरवळच्या एमआयडीसीत जाणारा चाळीसेक किमी चालून पूर्ण पट्ट्याचा टोल देतो. नाक्यावर १०० रुपये गेले असं धरा, त्याला किलोमीटर अडीच रुपयांना पडला. नाक्याच्या अलीकडून चढून पलीकडे दहा किमीवर उतरणाऱ्याला तोच दहा रुपयांना. आणि कात्रज, नवले पूल, वारजे, बावधन या पट्ट्यात रोज ये-जा करणाऱ्या हजारो गाड्यांना नाकाच लागत नाही, त्यांना फुकट. खेड शिवापूरच्या नाक्यावर वर्षानुवर्षं आंदोलनं होतात, ‘नाका हलवा’ म्हणतात, त्यामागे हे साधं गणित आहे. नाका हलवून ते सुटत नाही. अन्याय फक्त दुसऱ्या गावाच्या वेशीवर जातो.

बंद पद्धतीत हा प्रश्न येत नाही. समृद्धी महामार्गावर जिथे चढलात आणि जिथे उतरलात त्यामधल्या अंतराचेच पैसे कापले जातात. एप्रिल २०२५ पासून मोटारीला किलोमीटरला २ रुपये ६ पैसे, म्हणजे पूर्ण ७०१ किमीला साधारण १,४४५ रुपये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची लांबी ९४.५ किमी आणि २०२३ पासून मोटारीचा टोल ३२० रुपये, म्हणजे किलोमीटरला ३ रुपये ३९ पैसे. दोन्ही रस्ते एकाच महामंडळाचे, दर दीडपटीहून जास्त फरकाचा. दर ठरतो तो कंत्राट आणि कर्जफेडीवरून. रस्ता किती झिजला, गर्दी किती झाली, याचा त्यात संबंध नाही.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास आला, खासगी मोटारींसाठी, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. त्या किमतीत फेरी १५ रुपयांना पडते, त्यामुळे सातारा-कोल्हापूरकडे नेहमी जाणाऱ्याने तो घ्यावाच. फक्त तो राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर नाही. पण धोरण म्हणून पाहिलं तर हा किमी कराच्या बरोबर उलट्या दिशेचा प्रवास आहे. पास फेऱ्या मोजतो, अंतर मोजत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये नियम बदलून उपग्रहावर आधारित टोलची तरतूद केली होती, दिवसाला एका दिशेने पहिले २० किमी मोफत आणि पुढे प्रत्यक्ष अंतराप्रमाणे. एप्रिल २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं की असा टोल देशभर सुरू करण्याचा निर्णय झालेला नाही. निवडक नाक्यांवर फास्टॅग आणि नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे यांची अडथळाविरहित पद्धत आणू. हा बदल मला शहाणपणाचा वाटतो, त्याची कारणं पुढे येतातच.

मोजायचं कसं

सगळ्यात स्वस्त मीटर गाडीत आधीच बसवलेला आहे, तो म्हणजे ओडोमीटर. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांना १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून असंच चालू आहे. १,००० किमीच्या पटीत आगाऊ किमी विकत घ्यायचे, ३.५ टनांखालच्या गाडीला हजाराला ७६ न्यूझीलंड डॉलर. गाडीच्या तपासणीत ओडोमीटर बघतात, विकत घेतलेल्यापेक्षा जास्त चालली असेल तर दंड. १ एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक गाड्याही यात आल्या. जड गाड्यांच्या चाकाच्या तुंब्यावर वेगळा अंतरमापक बसवतात, कारण तिथे रक्कम मोठी आणि चोरीचा मोहही मोठा. आइसलंडने इलेक्ट्रिक मोटारींना २०२४ पासून किलोमीटरला ६ क्रोना लावले, तेही ओडोमीटरवरच. ब्रिटनने एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना मैलाला ३ पेन्स जाहीर केलेत.

आपल्याकडे हे बसवायचं तर जागा तयार आहे, पीयूसी केंद्र. गाडी तिथे नंबरप्लेटचा फोटो काढायला उभी राहतेच, आणखी एक फोटो डॅशबोर्डचा. पण इलेक्ट्रिक गाडीला पीयूसी लागत नाही, आणि ज्यांच्याकडून पैसे यायचे त्या नेमक्या त्याच गाड्या. तेव्हा विमा नूतनीकरणाला ओडोमीटरचा फोटो सक्तीचा करणं जास्त व्यवहार्य.

ओडोमीटरमध्ये गडबड कुठे होते? टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतरात चाक जास्त फिरतं, आणि आकडा दीड-दोन टक्क्यांपर्यंत फुगतो. उलट, शौक म्हणून मोठे टायर टाकले की आकडा कमी पडतो. घेर ४ टक्क्यांनी मोठा, तर कर जवळपास ४ टक्क्यांनी कमी. हे चालवून घेण्यासारखं आहे. मीटर मागे फिरवणं मात्र चालवून घेण्यासारखं नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे कसब सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर उपाय एकच. दर सर्व्हिसिंगला, दर विम्याला, दर तपासणीला आकडा एकाच नोंदवहीत चढला पाहिजे. एखादा आकडा मागच्यापेक्षा कमी आला की गाडी आपोआप बाजूला निघते. अपघातात डॅशबोर्डवरचा अख्खा मीटरसंच बदलला तर जुना शेवटचा आकडा नोंदवल्याशिवाय नवा बसवायचा नाही. ओडोमीटरची खरी मर्यादा वेगळीच आहे. त्याला किमी कळतात, पण ते कुठले आणि कधीचे हे कळत नाही. गोव्याला जाऊन आलेले १,००० किमीही महाराष्ट्राच्या खात्यात, आणि पहाटे ५ चा किमी सकाळी ९ च्या किमीइतकाच महाग.

दुसरा मार्ग स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टचा, म्हणजे मेकॅनिक गाडीतले बिघाड वाचायला यंत्र जोडतो त्या सॉकेटचा. त्यात छोटा डोंगल घालायचा, तो गाडीच्या संगणकाकडून वेग विचारतो आणि सेकंदासेकंदाची बेरीज करून अंतर काढतो. पुष्कळ गाड्या या पोर्टवर ओडोमीटरचा आकडा देतच नाहीत, म्हणून ही बेरीज करावी लागते. त्यात अशी मेख की ओबीडीचे ठरलेले कोड धूर तपासण्यासाठी केले होते. इलेक्ट्रिक गाडीत ते असतीलच असं नाही. डोंगल सतत थोडी वीज खातो, गाडी महिनाभर पार्किंगमध्ये उभी राहिली तर सकाळी सेल्फ मारताना कळतं. आणि काढून ठेवायला दोन सेकंद लागतात.

तिसरा उपग्रहाचा, सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘जीपीएस टोल’. यावर जरा थांबतो, कारण भ्रम इथेच जास्त आहेत.

मोकळ्या आकाशाखाली साधं उपकरण तीन ते पाच मीटरपर्यंत अचूक असतं. पुरेसं वाटतं. आता वारज्याहून बावधनकडे जाणारा महामार्ग आणि शेजारचा सर्व्हिस रोड डोळ्यांसमोर आणा. दोन्हींमधलं अंतर काही ठिकाणी दहा मीटरही नाही. महामार्गावर पैसे, सर्व्हिस रोडवर फुकट, असा नियम असेल तर तीन-पाच मीटरची चूक आणि वर नकाशातली चूक मिळून रोज शेकडो चुकीची बिलं निघतील. चांदणी चौकात रॅम्प एकावर एक आहेत. तिथे उंची कळायला हवी, आणि उंचीत उपग्रहाची चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. विद्यापीठ चौकात वर मेट्रो, मधे उड्डाणपूल, खाली रस्ता. पेठांत वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींमधून सिग्नल भिंतीवर आपटून येतो, आणि गाडी शेजारच्या बोळात दिसते.

उभ्या गाडीचीही गंमत आहे. आडोशाला उभ्या गाडीचा बिंदू सेकंदाला अर्धा मीटर जरी इकडेतिकडे सरकला, तरी तासाभरात १.८ किमी ‘चालून’ होतात. म्हणून इग्निशन बंद असताना आणि वेग ताशी चार-पाच किमीपेक्षा कमी असताना बेरीज थांबवावी लागते. ते केलं की चालत्या माणसाच्या वेगाने सरकणाऱ्या वाहतूक कोंडीतले खरे किमी गळतात. घाटात उलटा प्रकार. उपकरण डेटा वाचवायला दर ३० सेकंदांनी बिंदू पाठवत असेल, तर ताशी ३० किमी वेगाने दोन बिंदूंमध्ये २५० मीटर जातात. कात्रजच्या जुन्या घाटातलं अख्खं वळण त्यात सरळ रेषा होऊन जातं. दर सेकंदाला बिंदू घेतला तर अंतर बरोबर येतं, पण लाखो गाड्यांचा डेटा कुणीतरी साठवायचा, पाठवायचा आणि सांभाळायचा.

यातून मार्ग जर्मनीने काढलाय. तिथे ट्रकचा टोल १ जानेवारी २००५ पासून उपग्रहावर चालतो, आणि तोही ठरल्यापेक्षा दीडेक वर्ष उशिरा सुरू झाला. तिथलं उपकरण बिंदूंची बेरीज करतच नाही. रस्त्याचे दोन फाट्यांमधले तुकडे पाडलेत, प्रत्येक तुकड्याची लांबी तक्त्यात ठरलेली. गाडी या तुकड्यावरून गेली एवढं ओळखलं की काम झालं. घाट असो की सपाटी, लांबी तक्त्यातली. जिथे समांतर रस्ते गोंधळ घालतात तिथे कडेला खांब उभारून उपकरणाला ‘तू इथे आहेस’ असा इशारा देतात. वर तपासणीला कॅमेऱ्यांच्या कमानी आणि खांब, शिवाय फिरती पथकं. एवढा खटाटोप परवडतो, कारण ट्रकमागे रक्कम मोठी असते. सुरुवात १२ टनांपासून केली, २०१५ मध्ये ७.५ टनांवर आले आणि जुलै २०२४ मध्ये ३.५ टनांवर. खासगी मोटारी अजून बाहेर आहेत. आपल्याकडे एसटीपासून टॅक्सीपर्यंत नव्या सार्वजनिक वाहनांत २०१९ पासून ठरलेल्या मानकाचं लोकेशन उपकरण सक्तीचं आहेच. तेव्हा उपग्रहाचा प्रयोग करायचाच तर व्यावसायिक वाहनांवर करा. दिवसाला १५ किमी फिरणाऱ्या स्कूटरला हजारो रुपयांचं उपकरण आणि महिन्याला सिमकार्डचं भाडं लावून तिच्याकडून शंभर-दोनशे रुपये गोळा करायचे, हा व्यवहार बसत नाही.

चौथा मार्ग कमानीचा, फास्टॅग आणि कॅमेरा. टॅग काही मीटरवरून वाचला जातो, बॅटरी लागत नाही, किंमत नगण्य. कॅमेऱ्याचं दुखणं नंबरप्लेट. ‘४१४१’ चं ‘दादा’ आणि ‘२१४’ चं ‘राम’ करणाऱ्या प्लेट वाचायला सॉफ्टवेअरला मराठी आणि कलारसिकता दोन्ही लागतील. एचएसआरपी, म्हणजे एकसारख्या अक्षरांची सरकारमान्य सुरक्षित प्लेट, सगळ्या जुन्या गाड्यांवर बसल्याशिवाय कॅमेऱ्यावर चालणारी कुठलीही वसुली भरवशाची नाही. तिची मुदत मात्र पुन्हा पुन्हा वाढत गेली.

दर कशाचा

मीटरचा प्रश्न सुटला तरी दराचा राहतो, आणि इथे दोन वेगळी कामं एकाच आकड्यावर लादली जातात. रस्त्याची झीज भरून काढणं हे एक काम. गर्दी आवरणं हे दुसरं.

झीज अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या रस्ता-चाचणीतून हा नियम आला आणि आपल्याकडेही डांबरी रस्त्यांची जाडी याच तत्त्वाने काढतात. मोटारीच्या अ‍ॅक्सलवर ०.६ टन, ट्रकच्या चार चाकी अ‍ॅक्सलवर २०१८ पासून कायद्याने ११.५ टनांपर्यंत. गुणोत्तर एकोणीस, त्याचा चौथा घात लाखाच्या पुढे. आणि कर? लिटरला ४ किमी देणारा ट्रक, डिझेलवर लिटरमागे तीसेक रुपये कर धरला, तर किलोमीटरला साडेसात रुपये भरतो, मोटारीच्या अडीचपट. टोलमध्ये सहा अ‍ॅक्सलच्या गाडीचा दर मोटारीच्या सव्वापाचपट. ट्रकवर लाखपट कर लावा असं कुणी म्हणणार नाही, भाजीसुद्धा महागेल. पण अ‍ॅक्सलमागे वजन २० टक्क्यांनी जास्त भरलं की झीज दुप्पट होते, १.२ चा चौथा घात २.०७. मुरूम-वाळूच्या जादा भरलेल्या डंपरचा दर सरळ रेषेत वाढवून भागत नाही. काट्यावर वजन आणि किमी असे दोन्ही आकडे एकत्र आल्याशिवाय झिजेचा किमी कर अर्धवट. आणि पुण्यात खोदाई करून नीट न बुजवलेले चर आणि पावसाळ्यात साचणारं पाणी रस्त्याचं जे करतं, त्याला किलोमीटर मोजण्याचा काहीच उपाय नाही.

गर्दीचं माप वेगळं, तिथे जागा मोजायची. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या मापात मोटार म्हणजे १. दुचाकींचं प्रमाण जास्त असेल तर एक दुचाकी ०.७५, बस ३.७. आता माणसांनी भागा. बसमध्ये ४० धरले तर माणशी ०.०९. मोटारीत दीड, माणशी ०.६७. दुचाकीवर सव्वा, माणशी ०.६. म्हणजे जागेच्या हिशेबात दुचाकीस्वार मोटारवाल्याच्या फार मागे नाही. पुण्यात हे उघड बोलणारा राजकारणी अजून जन्मायचा आहे, पण दुचाकी वगळून गर्दीचा दर लावला तर लोक मोटार सोडून दुसरी दुचाकी घेतील आणि चौक आहे तिथेच राहील.

गर्दीसाठी सरसकट किमी दर का चुकतो? टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुण्यात १० किमीला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागली, ताशी १८ किमी. ही कोंडी काही ठरावीक रस्त्यांवर आणि ठरावीक वेळांना असते. वाघोलीहून हिंजवडीला जाणाऱ्याचं बिल करून बघू. अंतर ३० किमी. मूळ दर ६० पैसे, त्याचे १८ रुपये. त्यातले १२ किमी गर्दीच्या पट्ट्यात सकाळी साडेआठ ते अकरामध्ये, तिथे किलोमीटरला २ रुपये जादा, त्याचे २४. एका बाजूचे ४२ रुपये. हाच माणूस साडेसातला निघाला तर १८. अशा बिलात त्याला काहीतरी करता येतं. उलट सरसकट दीड रुपया लावला तर कधीही निघाला तरी ४५, आणि डेक्कनहून लक्ष्मी रोडला दोन किमीसाठी गाडी काढणाऱ्याला ३ रुपये. घरं परवडत नाहीत म्हणून वाघोली, नऱ्हे, उरुळीला गेलेल्याने जास्त भरायचं, आणि गर्दीच्या ऐन मध्यात दोन किमी हाकणाऱ्याने चहाच्या कपापेक्षाही कमी. पेट्रोल गाडीने या ३० किमीत २ लिटर जाळून ९० रुपये कर आधीच भरलाय, तो वजा करायचा की नाही, हेही बिलात आधी ठरायला हवं.

म्हणूनच ज्या शहरांनी गर्दीवर पैसे लावून काही साधलं त्यांनी किलोमीटर मोजले नाहीत. लंडनने २००३ मध्ये मध्यवर्ती भागात शिरायला दिवसाला ५ पौंड लावले. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिन्यांचा प्रयोग केला, वेळेप्रमाणे बदलता दर, आणि शहराच्या वेशीवरची वाहतूक साधारण २० टक्क्यांनी घटली. मग २००७ मध्ये तो कायम केला. सिंगापूर १९७५ पासून हे करतंय, आधी काचेला कागदी परवाना, १९९८ पासून इलेक्ट्रॉनिक कमानी. तिथला दर वेगाला बांधलेला आहे. मोठ्या शहरी रस्त्यावर वेग ताशी २० ते ३० किमीच्या खाली गेला की दर वाढतो, वर गेला की उतरतो. अंतर मोजू शकणारी नवी उपकरणं त्यांनी गाड्यांत बसवायला घेतली, तरी तूर्त अंतरावर आकारणी नाही असंच सांगितलंय.

पुण्यात पेठांभोवती अशी वेस आखायची तर पश्चिमेकडून मुठा आहेच. म्हात्रे पूल, लकडी पूल, भिडे पूल, नवा पूल, डेंगळे पूल असे मोजके पूल, तिथे कॅमेरे लावले की झालं. भिडे पूल पावसाळ्यात खडकवासल्याच्या विसर्गाने बुडतो, तिथला कॅमेरा जरा उंचावर लावा म्हणजे झालं. पूर्वेला मात्र नदी नाही, शंकरशेठ रस्ता आणि नेहरू रस्त्याला गल्ल्या इतक्या फुटतात की वेस गळकी होणार. आणि पेठांची वेस बांधून हिंजवडी किंवा नगर रस्त्याची कोंडी सुटणार नाही. पण जिथे मेट्रो आणि बस दोन्ही पायाशी आहेत तिथूनच सुरुवात करणं न्याय्य. स्वारगेट, मंडई, शिवाजीनगरला मेट्रो पोचली आहे. नगर रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला पर्याय न देता दर लावणं म्हणजे नुसता दंड.

आणि त्याच्याही आधी पार्किंग. २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, पण रस्त्यावर ते उतरलं नाही. उभ्या गाडीचे पैसे घ्यायला ना उपग्रह लागतो ना कमान, एक माणूस आणि एक पावती मशीन पुरतं. ते ज्या शहराला जमत नाही त्याने चालत्या गाडीच्या मीटरची स्वप्नं जरा दमाने पाहावीत.

लावणार कोण, बघणार कोण

राज्यघटनेत वाहनांवरचा कर आणि टोल राज्य सूचीत, राष्ट्रीय महामार्ग संघ सूचीत. महापालिकेला स्वतःहून किमी कर लावता येईल असं दिसत नाही. राज्याचा कायदा लागेल, आणि महामार्गावरचे किमी कुणाचे हा तंटा पहिल्या दिवसापासून. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०२१ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना किलोमीटरला अडीच सेंट लावले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने (तिथे त्याला ‘हाय कोर्ट’ म्हणतात) तो कर रद्द केला, कारण तो अबकारी स्वरूपाचा आणि तसा कर लावायचा हक्क तिथे फक्त केंद्राला. आपली घटना वेगळी, पण ‘कर’ म्हणायचं की ‘शुल्क’ म्हणायचं यावर आपल्याकडेही खटले वर्षानुवर्षं चालतात. शुल्क म्हटलं तर त्या पैशाचा आणि त्या रस्त्याचा संबंध दाखवावा लागतो. मला तेच बरं वाटतं. वेगळं खातं, वेगळा ताळेबंद.

राहिला पाळतीचा प्रश्न. उपकरण दोन तऱ्हेचं असू शकतं. एक सगळे बिंदू सर्व्हरला पाठवतं आणि हिशेब तिकडे होतो. दुसरं हिशेब गाडीतच करून फक्त महिन्याची रक्कम पाठवतं. दुसरं महाग, आणि तक्रार आली तर तपासायला पुरावा गाडीमालकाकडेच राहतो. अमेरिकेत ऑरेगन राज्याने २०१५ पासूनच्या ऐच्छिक योजनेत लोकांना निवड दिली, जीपीएसवालं किंवा बिनाजीपीएसचं. बिनाजीपीएसवाला राज्याबाहेरच्या मैलांचेही पैसे भरतो. तेवढी खासगीपणाची किंमत. ठिकाणाची माहिती हिशेब आणि तक्रार मिटल्यावर ३० दिवसांत नष्ट करायची, हे तिथे कायद्यातच आहे. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्यात सरकारी यंत्रणांना सवलती आहेत, म्हणून मुदत किमी कराच्या कायद्यातच लिहिलेली हवी.

बिल कसं असावं हेही कायद्यातच यावं. तारीख, रस्त्याचा तुकडा, लांबी, लागलेला दर, वेळेचा गट, आणि इंधन करापोटी वजावट दिली असेल तर ती, प्रत्येकाची वेगळी ओळ. ‘एकूण रक्कम १,२६०’ असा एकच आकडा मोबाइलवर आला तर कुणी काय तपासणार? फास्टॅगमधून चुकीचे पैसे कापले गेले की आज १०३३ वर किंवा टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार करायची असते. त्यात सिद्ध करायचं असतं फक्त एवढंच की अमक्या वेळी गाडी अमक्या नाक्यावर नव्हती. किमी करात ‘मी सर्व्हिस रोडवर होतो’ हे सिद्ध करायचं आहे. ते ओझं गाडीमालकावर टाकायचं नाही, शंका असेल तिथे कमी दराचा रस्ता धरायचा, एवढी एक ओळ नियमांत आली तर निम्म्या तक्रारी उगवणारच नाहीत. त्यात बुडणारा महसूल हा पद्धतीचाच खर्च समजून दर ठरवताना आधीच धरून ठेवावा.